घरीच शाळा, पण डिस्ट्रिक्टच्या मदतीने : वाचकांचे प्रश्न

होमस्कूलिंगवरची, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवण्यावरची, पत्रं इतकी साठलीयत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. कोविडमध्ये अमेरिकेत हे प्रमाण एकदम वाढलं, सेन्सस ब्युरोच्या पाहणीत २०२० च्या स्प्रिंगमध्ये शाळकरी मुलं असलेल्या ५.४ टक्के घरांनी आम्ही होमस्कूल करतो असं सांगितलं होतं आणि त्याच वर्षीच्या फॉलमध्ये आकडा ११.१ टक्क्यांवर गेला. तेव्हा सुरू केलेले काही परत शाळेत गेले, काही त्यातच रमले. आता जी पत्रं येतायत ती बहुतेक पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) अशा प्रोग्रॅमबद्दल आहेत ज्यात मूल बराचसा अभ्यास घरी करतं पण टीचर, काही क्लास आणि पुस्तकं डिस्ट्रिक्ट देतं.

इथे शिक्षण हा राज्याचा विषय. होमस्कूलिंग १९९३ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत कायदेशीर झालं खरं पण नियम प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे डॅलसच्या मैत्रिणीने दिलेला सल्ला सिॲटलमध्ये चालेलच असं नाही. आणि कुठल्याही राज्यात असा, आधी एकच गोष्ट विचारा की कागदावर मूल कोणाच्या पटावर आहे, घराच्या की डिस्ट्रिक्टच्या. टेस्ट, पैसे, पुस्तकं, डिप्लोमा, थेरपी, सगळं त्या उत्तरावर ठरतं, आणि पत्रं वाचताना मला सारखं जाणवत होतं की बहुतेकांचा घोळ नेमका इथेच झालाय.

प्रश्न : ताई, आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो, नवऱ्याचा एच-वन बी हा नोकरीचा व्हिसा, माझा आणि मुलांचा त्याच्यावर अवलंबून असलेला एच-फोर. मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ६ वर्षांचा, दोघं पब्लिक स्कूलमध्ये जातात. आमच्या भागातल्या डिस्ट्रिक्टचा पॅरेंट पार्टनरशिप प्रोग्रॅम आहे, त्यात घालायचा विचार आहे, आठवड्यातून दोन दिवस मुलं तिकडे क्लासला जातात आणि बाकी घरी. एक ओळखीची म्हणते हे होमस्कूलिंगच आहे, डिक्लरेशन भर, दुसरी म्हणते भरू नकोस. व्हिसाचं काही होईल का याचीही धाकधूक आहे.
— एक आई, वॉशिंग्टन

उत्तर : ताई, आधी व्हिसाचं सांगून टाकते म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल. पब्लिक स्कूलमध्ये नाव घालताना मूल त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतं का हे बघतात, इमिग्रेशन स्टेटस बघत नाहीत, सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा प्लायलर विरुद्ध डो हा निकाल त्याबद्दलच आहे, आणि एच-फोरवरच्या मुलांना तर शिकायची मुभा आहेच. पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा कागद, लसींचं सर्टिफिकेट हे मात्र तयार ठेवा.

आता डिक्लरेशन. तुमच्या दोन्ही मैत्रिणी आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. वॉशिंग्टनमध्ये कायद्याने ज्याला होम-बेस्ड इन्स्ट्रक्शन म्हणतात त्यात मूल पूर्णपणे तुमच्या जबाबदारीवर असतं. त्यासाठी दरवर्षी १५ सप्टेंबरपर्यंत, किंवा पब्लिक स्कूलचं कुठलंही क्वार्टर, ट्रायमेस्टर, सेमिस्टर सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत, डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटकडे डिक्लरेशन ऑफ इंटेंट द्यायचं असतं. वाचन, लेखन, गणित, विज्ञान, इतिहास, आरोग्य, कलेची ओळख असे एकूण ११ विषय कायद्यात दिलेत ते शिकवायचे, वर्षातून एकदा स्टँडर्डाइज्ड टेस्ट घ्यायची किंवा सर्टिफाइड टीचरकडून मूल्यमापन करून घ्यायचं, आणि त्याचा निकाल स्वतःकडे जपून ठेवायचा, डिस्ट्रिक्टला पाठवायचा नसतो. शिकवणाऱ्या पालकाचीही एक अट आहे, कॉलेजचे ४५ क्वार्टर क्रेडिट म्हणजे साधारण एका वर्षाचं शिक्षण हवं किंवा होम-बेस्ड शिक्षणाचा कोर्स केलेला हवा, नाहीतर सर्टिफाइड टीचरच्या देखरेखीखाली शिकवायचं. भारतातली डिग्री धरतील की नाही अशी शंका असेल तर सरळ तो कोर्स करून टाका, विषयच मिटतो.

पार्टनरशिप प्रोग्रॅम ही वेगळी वाट. होमलिंक, पार्टनरशिप अकॅडमी, लर्निंग सेंटर अशी कायकाय नावं असतात पण सरकारी भाषेत तो अल्टरनेटिव्ह लर्निंग एक्स्पिरियन्स, म्हणजे एएलई. त्यात मूल पूर्णवेळ घातलंत की ते पब्लिक स्कूलचं विद्यार्थी, राज्याचे पैसे त्याच्या नावाने डिस्ट्रिक्टला मिळतात आणि म्हणूनच डिस्ट्रिक्ट क्लास, टीचर, पुस्तकं देऊ शकतं. मग डिक्लरेशन भरायचं नसतं. त्याऐवजी प्रत्येक मुलाचा लेखी लर्निंग प्लॅन बनतो, सर्टिफिकेटेड टीचरशी दर आठवड्याला संपर्क ठेवावा लागतो, दर महिन्याला प्रगती तपासतात, तिसरीपासून राज्याच्या टेस्ट येतात, आणि शेवटी जबाबदारी त्या टीचरची असते, तुमची नाही. तुम्ही घरी रोज तीन तास बसून शिकवलंत तरी कायद्याच्या नजरेत ते होमस्कूलिंग नव्हे. भरती होताना होम-बेस्ड आणि एएलई यातला फरक सांगणारा एक कागद सहीसाठी पुढे करतात, घाईत सही करू नका, घरी आणा, दोघं बसून वाचा, तुम्हाला हवं ते बहुतेक त्याच कागदात सापडेल.

तिसरीही सोय आहे जी फार कमी जणांना माहीत असते. डिक्लरेशन भरून होमस्कूलरच राहायचं आणि पब्लिक स्कूलमध्ये फक्त पार्ट-टाइम जायचं, म्हणजे ऑर्केस्ट्रा, सायन्स लॅब किंवा एखादाच विषय. राज्याचा कायदा हे करू देतो आणि डिस्ट्रिक्टला नाही म्हणता येत नाही.

तुमच्या मुलांपुरतं बोलायचं तर वॉशिंग्टनमध्ये सक्तीचं शिक्षण ८ व्या वर्षापासून लागू होतं, त्यामुळे ६ वर्षांच्या मुलाला घरी शिकवायचं ठरवलंत तर त्याचं नाव शाळेतून रीतसर काढून घ्यायचं, डिक्लरेशन ८ पूर्ण होईपर्यंत लागत नाही. नाव न काढता नुसतं घरी ठेवलंत तर मात्र गैरहजेरी लागत राहील. मुलगी ९ ची, तिच्यासाठी एएलई किंवा डिक्लरेशन यातलं काहीतरी हवंच. माझं मत विचाराल तर पहिलंच वर्ष आहे, शिकवायचा अनुभव नाही, जवळ कोणी नातेवाईक नाहीत, अशा घराला पार्टनरशिप प्रोग्रॅम खूप आधार देतो. आठवड्याला कोणीतरी जाणतं माणूस मुलीची वही बघतं, तिला सोबती मिळतात, आणि तुम्हालाही त्याच वाटेवरच्या चार आया भेटतात. ज्यांना अभ्यासक्रम पूर्ण आपल्या मनासारखाच हवा आहे त्यांना तोच प्रोग्रॅम काचतो. तुम्ही कुठल्या प्रकारच्या हे तुम्हालाच ठाऊक.

प्रश्न : नमस्कार ताई. फ्रीमॉन्टला राहतो. इथे चार्टरमधून (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेतून) होमस्कूल केलं की वर्षाला काही हजार डॉलर मिळतात असं ऐकलं, अलास्कात तर सरळ डिस्ट्रिक्ट पैसे देतं म्हणे. आम्हाला मुलीचा तबला क्लास आणि भारतातून मागवलेली मराठीची पुस्तकं त्यात बसवायची आहेत. कसं करायचं?
— एक बाबा, कॅलिफोर्निया

उत्तर : दादा, ‘मिळतात’ म्हणजे तुमच्या हातात मिळत नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा.

कॅलिफोर्नियात होमस्कूलिंगचा असा स्वतंत्र कायदा नाही. स्वतःच्या जबाबदारीवर करायचं तर प्रायव्हेट स्कूल ॲफिडेव्हिट भरायचं, त्याची दरवर्षीची मुदत १ ते १५ ऑक्टोबर, मग घर म्हणजेच एक छोटी खाजगी शाळा आणि सरकारकडून एक पैसाही नाही, दखलही जवळजवळ नाही. दुसरी वाट पब्लिक स्कूलच्या इंडिपेंडंट स्टडीची, ती डिस्ट्रिक्ट चालवतं किंवा चार्टर शाळा. यात मूल पब्लिक स्कूलच्या पटावर, मास्टर ॲग्रीमेंट नावाच्या करारावर सह्या होतात, क्रेडेन्शियल असलेली टीचर साधारण महिन्याला भेटते, केलेल्या कामाचे नमुने घेते, राज्याच्या टेस्ट असतात. बऱ्याच चार्टर शाळा अशा प्रत्येक मुलामागे काही रक्कम शिक्षणासाठी राखून ठेवतात, तुम्ही टीचरला सांगता अमुक पुस्तक हवं, तमुक क्लास हवा, ती मंजूर करते आणि शाळा थेट विकणाऱ्याला पैसे देते. पुस्तकं, मायक्रोस्कोप, लॅपटॉप या वस्तू शाळेच्या, सोडून जाताना परत करायच्या. डिस्ट्रिक्टच्या प्रोग्रॅममध्ये अशी रक्कम सहसा नसते, तिथे पुस्तकं आणि क्लास थेट मिळतात.

तबल्याचा क्लास होऊ शकतो, पण शिकवणाऱ्या गुरुजींचं नाव शाळेच्या मंजूर यादीत हवं, त्यासाठी त्यांना कागदपत्रं आणि पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी लागते, तयार असतील तर आत्ताच सुरू करा, त्याला वेळ लागतो. मराठीची पुस्तकं भाषेची म्हणून मागता येतात, मंजूर करणं शाळेच्या हातात आहे. मात्र धार्मिक काही पब्लिकच्या पैशातून येत नाही, म्हणजे बालवाचन चालेल, रामरक्षा आणि स्तोत्रांचा क्लास नाही. तो घरी आनंदाने करा, फक्त त्याचं बिल लावू नका आणि शाळेच्या कामाचा नमुना म्हणूनही देऊ नका.

तपासणी कडक का झाली तेही सांगते, कारण काहींना टीचरचा राग येतो. २०१९ मध्ये सॅन डिएगो काउंटीत ऑनलाइन चार्टर शाळांच्या एका जाळ्यावर मोठा खटला झाला, उन्हाळी खेळांच्या टीममधल्या मुलांची नावं पटावर दाखवून राज्याकडून पैसे उचलल्याचं ते प्रकरण होतं. त्यानंतर २०२० पासून अशा घरबसल्या चालणाऱ्या नव्या चार्टर शाळांना राज्याने मंजुरीच थांबवली. तेव्हा टीचरने दोनदा पावती मागितली तर ती तुमच्यावर संशय घेत नसते, तिला तिच्यावरच्या लोकांना उत्तर द्यायचं असतं.

अलास्काबद्दल तुम्ही ऐकलंय त्यात बरंच तथ्य आहे. तिथे गावंच इतकी लांब लांब की टपालाने शाळा चालवायची पद्धत १९३९ पासूनची, आणि १९९७ मध्ये युकॉन नदीवरच्या गलेना या एवढ्याशा गावाच्या डिस्ट्रिक्टने आयडिया नावाचा प्रोग्रॅम सुरू केला, आज त्यात अँकरेज फेअरबँक्सची मुलंसुद्धा असतात. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक लर्निंग प्लॅन, सर्टिफाइड टीचरची नजर, आणि अलॉटमेंट म्हणून ठराविक रक्कम, ती प्लॅनमधल्याच गोष्टींवर खर्च करून पावत्या द्यायच्या. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या एका कोर्टाने हे कायदे राज्यघटनेच्या विरोधात ठरवले, का तर पब्लिकचा पैसा खाजगी शाळांकडे जातो म्हणून, हजारो घरं हवालदिल झाली, आणि जूनमध्ये अलास्काच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. पैशाच्या भरवशावर घर चालवणाऱ्यांनी यातून काय ते समजून घ्यावं. शेजारच्या वॉशिंग्टनमध्ये तर एएलईत पालकांना मोबदला, परतफेड, बक्षीस असं काहीही देणं कायद्यानेच बंद आहे. दादा, तबल्याचे पैसे सुटतात म्हणून मुलीला शाळेतून काढू नका. तिला घरी शिकवायचं कारण वेगळं असेल आणि ते पक्कं असेल तर मात्र नक्की करा, मग ही मदत हक्काने घ्या.

प्रश्न : डॅलसजवळ राहतो. मुलगा ७ वर्षांचा, ऑटिझम आहे, शाळेत आयईपी (त्याच्यासाठी लिहिलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) आहे, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) मिळते. वर्गातला गोंगाट त्याला सहन होत नाही, रोज रडत येतो. घरी शिकवावं असं फार वाटतं पण थेरपी बंद होईल या भीतीने पाऊल उचलत नाहीये. डिस्ट्रिक्ट मदत करेल का?
— एक आई, टेक्सास

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रोज रडत येणाऱ्या लेकराला बघणं काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं, म्हणून तुम्हाला गोड न करता जसं आहे तसं सांगते.

टेक्सासमध्ये होमस्कूल ही कायद्याने खाजगी शाळाच, १९९४ च्या लीपर खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. परवानगी लागत नाही, टेस्ट नाही, वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे पाच विषय लेखी अभ्यासक्रम घेऊन प्रामाणिकपणे शिकवायचे. मोकळीक भरपूर, पण त्याची दुसरी बाजू अशी की मूल डिस्ट्रिक्टच्या पटावरून उतरलं की आयईपीवरचा त्याचा वैयक्तिक हक्क संपतो. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा फेडरल कायदा, म्हणजे आयडिया (अलास्काच्या प्रोग्रॅमचं नावही तेच आहे, गल्लत करू नका), डिस्ट्रिक्टला सांगतो की तुमच्या हद्दीतली अपंगत्व असलेली सगळी मुलं शोधा आणि तपासा, यात खाजगी शाळेतली आणि टेक्साससारख्या राज्यात होमस्कूलची मुलंही येतात. त्याला चाइल्ड फाइंड म्हणतात. म्हणजे मूल्यमापन मोफत होईल, दर तीन वर्षांनी पुन्हाही मागता येईल. सेवा मात्र वेगळ्या, फेडरल पैशातला एक ठराविक हिस्सा खाजगी शाळांतल्या मुलांसाठी बाजूला काढतात आणि त्यातून काय द्यायचं, कोणाला द्यायचं हे डिस्ट्रिक्ट चर्चा करून ठरवतं. मिळालंच तर सर्व्हिसेस प्लॅन म्हणून मिळतं आणि ते आयईपीपेक्षा बहुतेक वेळा कमी असतं. कुठे फक्त स्पीच देतात, ओटी नाही.

म्हणून नाव काढायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशन ऑफिसला लेखी विचारा की होमस्कूलच्या मुलांना यावर्षी नेमक्या कुठल्या सेवा देता, आणि उत्तरही लेखीच घ्या. फोनवर ‘हो हो बघू’ म्हणतात, त्याला काही अर्थ नसतो. मुलाचे सगळे रिपोर्ट, आयईपीच्या प्रती, प्रगतीचे कागद काढून घ्या. नव्याने मूल्यमापन हवं असेल तर तेही लेखी मागा, टेक्सासमध्ये लेखी विनंतीला १५ शाळेच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि तुम्ही संमती दिल्यावर साधारण ४५ शाळेच्या दिवसांत रिपोर्ट.

अजून एक, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. तुम्ही एआरडी मीटिंग, म्हणजे आयईपी ठरवणारी बैठक, बोलावून आधी गोंगाटाचाच प्रश्न मांडा. नॉइज कमी करणारे हेडफोन, जेवणाच्या सुट्टीत वेगळी खोली, दिवसाचे तास कमी करणं, हे सगळं आयईपीत लिहून घेता येतं, आणि पालक स्वतःहून मीटिंग मागू शकतात हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. हे करूनही तो रडतच आला तर मग घरी आणा, थेरपीसाठी तुमच्या मेडिकल इन्शुरन्समध्ये स्पीच आणि ओटीच्या किती व्हिजिट आहेत ते त्याच आठवड्यात बघून घ्या.

वॉशिंग्टनमध्ये असतात तर उत्तर वेगळं असतं, तिथे डिक्लरेशन भरलेलं मूल पार्ट-टाइम एनरोल होऊन अशा सेवा घेऊ शकतं, आणि एएलईतलं पूर्णवेळ मूल तर पब्लिक स्कूलचंच, त्याचा आयईपी चालू राहतो. तुमच्या राज्याची तुलना करून जीव जाळू नका म्हणून सांगत नव्हते, पण नवऱ्याच्या नोकरीची बदली कुठे होऊ शकते असा विचार घरात सुरू असेल तर हे माहीत असलेलं बरं.

प्रश्न : मी आजी आहे, आयोवात मुलाकडे असते. सून शिकलेली आहे, नातवाला घरी शिकवणार म्हणते. मी त्याला मराठी लिहाय-वाचायला शिकवते. डिस्ट्रिक्टची बाई घरी येऊन तपासणार असं सून म्हणाली, तर मला जरा धास्ती वाटते, माझं इंग्रजी बेताचं आहे.
— एक आजी, आयोवा

उत्तर : आजी, अजिबात घाबरू नका. ती बाई तपासायला येत नाही, मदतीला येते. आयोवात होम स्कूल असिस्टन्स प्रोग्रॅम म्हणून आहे, सगळी डिस्ट्रिक्ट्स देत नाहीत पण तुमचं देतंय असं दिसतं. त्यात डिस्ट्रिक्टची लायसन्स असलेली टीचर सुनेशी आणि नातवाशी नियमित भेटते, पुस्तकं देते, अडलेलं सांगते, बऱ्याच ठिकाणी सहली आणि एकत्र क्लासही असतात. तुम्ही मराठी शिकवता याला कोणाचीच हरकत नसते, उलट वही दाखवा तिला, मुळाक्षरं गिरवलेली वही बघून कुठल्याही शिक्षिकेला बरंच वाटेल.

सुनेला मात्र माझा एक निरोप द्या. आयोवात दोन प्रकार आहेत, कॉम्पिटंट प्रायव्हेट इन्स्ट्रक्शन आणि इंडिपेंडंट प्रायव्हेट इन्स्ट्रक्शन. दुसऱ्यात कागद कमी म्हणून तो सोपा वाटतो, पण त्यात असिस्टन्स प्रोग्रॅमही घेता येत नाही आणि ड्युअल एनरोलमेंटही नाही. ड्युअल एनरोलमेंट म्हणजे घरी शिकून शाळेत बँड, खेळ, एखादा वर्ग. नातवाला पुढे यातलं काही करावंसं वाटलं तर पहिला प्रकार हवा, आणि त्याचा फॉर्म १ सप्टेंबरपर्यंत डिस्ट्रिक्टकडे जायला हवा.

प्रश्न : मी दहावीत आहे, वॉशिंग्टनमध्येच, सहावीपासून घरी शिकतो, आईबाबांनी दरवर्षी डिक्लरेशन भरलंय. आता पार्टनरशिप प्रोग्रॅममध्ये जाऊन डिस्ट्रिक्टचा हायस्कूल डिप्लोमा घ्यावा का? कॉलेजला डिप्लोमा लागतोच का? आणि एपी (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा) वगैरे कसं देतात?
— एक विद्यार्थी

उत्तर : तू स्वतः लिहिलंस हे मला फार आवडलं.

घरून शिकलेल्या मुलांना कॉलेजं घेतात, आईबाबांनी बनवलेलं ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि ग्रेड यांची नोंद), कोर्सची वर्णनं, टेस्ट स्कोअर, शिफारसपत्रं यावर, तेव्हा डिस्ट्रिक्टचा डिप्लोमा नसला म्हणून दार बंद होत नाही. तो हवाच असेल तर राज्याला २४ क्रेडिट लागतात आणि तू नववीत घरी केलेल्या विषयांना क्रेडिट द्यायचं की नाही हे डिस्ट्रिक्ट ठरवतं. एएलईतले विषय सर्टिफिकेटेड टीचरखाली होतात म्हणून त्यांचं क्रेडिट थेट लागतं, घरच्या विषयांचं तसं नाही. म्हणून जायचं तर आत्ता जा, बारावीत जाऊन डिप्लोमा मागशील तर गणित जुळणार नाही. काउन्सेलरकडे तुझे विषय, पुस्तकं, लिहिलेले निबंध, टेस्टचे निकाल घेऊन जा आणि कुठलं क्रेडिट धरणार ते लिहून घे.

तुझ्यासाठी खरी संधी मला वेगळीच दिसते, रनिंग स्टार्ट. अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजमध्ये ट्यूशन न भरता शिकतात, पुस्तकं, फी आणि येणंजाणं आपलं. होमस्कूलची मुलंही घेऊ शकतात, फक्त त्यासाठी डिस्ट्रिक्टच्या मार्फत कागद करावे लागतात आणि कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागते. अकरावीच्या आधीच्या स्प्रिंगमध्येच धावपळ सुरू कर. कॉलेजच्या प्रोफेसरने दिलेला ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर असला की आईने दिलेल्या ग्रेडबद्दल कोणी भुवई उंचावत नाही.

एपीची परीक्षा मे महिन्यात असते पण नाव त्याआधीच्या फॉलमध्ये द्यावं लागतं, जवळच्या हायस्कूलच्या एपी कोऑर्डिनेटरला सप्टेंबरमध्येच ईमेल कर, बाहेरच्या मुलांना घेणं शाळेच्या मर्जीवर असतं आणि पहिल्या शाळेने नाही म्हटलं तर दुसरीला विचारायला वेळ उरायला हवा. पीएसएटी, म्हणजे एसएटी या कॉलेज प्रवेश परीक्षेची सराव परीक्षा, ऑक्टोबरमध्ये, तिचंही तसंच. आणि मराठी नीट लिहिता-बोलता येत असेल तर भाषेच्या प्रावीण्याच्या परीक्षेवर वर्ल्ड लँग्वेजचं क्रेडिट द्यायची सोय वॉशिंग्टनमधल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये आहे, चौकशी कर. दोन वर्षं स्पॅनिश घोकण्यापेक्षा आजीशी बोलत आलास त्याचं क्रेडिट मिळालं तर काय वाईट?

प्रश्न : आम्ही न्यूयॉर्कला. इथे असं काहीच नाही का? मुलाला निदान शाळेच्या सॉकर टीममध्ये तरी घ्यावं.
— एक बाबा

उत्तर : दादा, न्यूयॉर्क याबाबतीत कडक आहे. १ जुलैपर्यंत नोटीस, मग प्रत्येक मुलाचा आयएचआयपी म्हणजे घरच्या शिक्षणाचा आराखडा, दर तिमाहीला रिपोर्ट, पहिली ते सहावी वर्षाला ९०० तास आणि सातवीपासून ९९० तास, वर्षाअखेरी मूल्यमापन. एवढं करूनही आंतरशालेय टीममध्ये खेळायला शाळेत नियमित नाव असणं बंधनकारक आहे, त्यामुळे सॉकर टीम नाही. डिस्ट्रिक्टला वाटलं तर पुस्तकं उसनी देऊ शकतं, शाळेच्या आतले खेळ आणि क्लब खुले करू शकतं, विचारून बघा. खेळासाठी गावाचं रिक्रिएशन डिपार्टमेंट किंवा क्लब टीम हाच मार्ग. फ्लोरिडात १९९६ पासून होमस्कूलची मुलं शाळेच्या टीममधून खेळतात, अमेरिकन फुटबॉलमधला टिम टीबो तसाच आलेला, आणि पेनसिल्वेनियातही २००५ च्या कायद्याने ती सोय केली. शेजारच्या न्यूजर्सीत नोटीससुद्धा लागत नाही आणि खेळू द्यायचं की नाही ते स्थानिक बोर्ड ठरवतं.

प्रश्न : पार्टनरशिप प्रोग्रॅम जमला नाही तर वर्षाच्या मध्येच सोडता येतो का? टीचरला वाईट वाटेल असं वाटून मी गप्प बसलेय.
— एक आई, वॉशिंग्टन

उत्तर : सोडता येतो ताई, कोणी अडवत नाही. पण आधी टीचरशी बोला, कारण लर्निंग प्लॅन बदलता येतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. गणिताचं पुस्तक झेपत नसेल तर दुसरं घेता येतं, क्लासचे दिवस कमी करता येतात, तिला वाईट वाटण्यापेक्षा तुम्ही आधी का नाही सांगितलंत असंच वाटेल. तरीही निघायचंच ठरलं तर तारीख बघून निघा. डिक्लरेशन नवं क्वार्टर किंवा सेमिस्टर सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत द्यायचं असतं, म्हणून टर्म संपता संपता नाव काढा आणि नवी टर्म लागली की लगेच डिक्लरेशन द्या, मध्ये मुलगी कोणाच्याच पटावर नाही असे आठवडे राहू देऊ नका, गैरहजेरीची पत्रं त्यातूनच येतात. डिस्ट्रिक्टची पुस्तकं आणि लॅपटॉप परत करून पोच घ्या, लर्निंग प्लॅनची आणि मासिक रिव्ह्यूची प्रत मागून घ्या, पुढच्या वर्षी मूल्यमापन करणाऱ्या टीचरला ती दाखवायला उपयोगी पडेल.